रविवारी बँड गातो, मंडळी नुसती उभी राहते. चुकतंय कुठे?

नगरी_गिटार

सगळ्यांना सलाम.

नगरकडच्या एका जुन्या दगडी चर्चमध्ये आमच्या तरुण संघाचा बँड आहे, त्यात मी गिटार वाजवतो. यंदापासून पाळकसाहेबांनी उपासनेच्या सुरुवातीची वीस मिनिटं आमच्याकडे दिलीत. आधी 'उपासना संगीत' या मराठी गीतपुस्तकातलं एक गीत पेटी-तबल्यावर होतं, मग आमची दोन-तीन गाणी, सगळी परदेशी ख्रिस्ती गायकांची. ख्रिस टॉमलिनचं 'अवर गॉड', मॅट रेडमनचं 'टेन थाउजंड रीझन्स', हिल्साँगचं 'ओशन्स', सिनाचचं 'वे मेकर' (हे हिंदी शब्दांत). कीबोर्ड, ड्रम, बास, दोन गिटार आणि गायला एक मुलगा, दोन मुली.

तालमीत एकदम झकास होतं, यूट्यूबवर आहे तसंच्या तसं. रविवारी मात्र वेगळंच दिसतं. पेटीवरचं गीत सुरू झालं की शेवटच्या बाकावरच्या आज्यासुद्धा गातात. आमचं सुरू झालं की सगळे उभे राहून आमच्याकडे बघतात. शब्द पडद्यावर असतात, त्यामुळे शब्द येत नाहीत म्हणून गप्प आहेत असंही नाही. कॉलेजची पोरंसुद्धा फक्त ओठ हलवतात, ज्यांच्या मोबाइलमध्ये हीच गाणी असतात! पंच कमिटीत एका काकांनी आम्हाला 'ऑर्केस्ट्रा' म्हटलं, ते आमच्या ड्रमरला फार लागलं.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. एक, मंडळी गावी म्हणून नेमकं काय बदलायचं? गाणी, साउंड की आम्ही? दुसरी, रेडमनच्या गाण्याला आम्ही मराठी शब्द बसवलेत. रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकलं तर चालेल का?

'मनापासून गा म्हणजे झालं' असं कृपया सांगू नका, ते पाळकसाहेब दर आठवड्याला सांगतात.

विरार_लोकल

आधी आवाज कमी करा राव. स्पीकरसमोर बसलेल्याला स्वतःचा आवाजच ऐकू येत नसेल तर तो कशाला गाईल?

आम्ही वसईकडचे कॅथलिक. आमच्याकडे कॉयर माडीवर, लोकांच्या पाठीमागे असतो. त्यामुळे बघत उभं राहण्याची सोयच नाही.

पेटीवाली

आधी एवढंच सांग, 'अवर गॉड' कुठल्या पट्टीत घेता?

नगरी_गिटार

ताई, मूळ पट्टीतच. चौथ्या घरावर कॅपो (पट्टी चढवायला गिटारच्या तारांवर लावतात तो चाप) आणि जीची कॉर्ड्स.

पेटीवाली

वाटलंच मला. म्हणजे पेटीवरची पांढरी सात. ही पट्टी टॉमलिनची, तुमच्या मंडळीची नव्हे.

मी पुण्यात मुलांना पेटी आणि कीबोर्ड शिकवते, रविवारी आमच्या मंडळीत दोन्ही वाजवते, आणि हा घोळ मी इतक्या ठिकाणी पाहिलाय की आता आधी पट्टीच विचारते. टॉमलिनचा आवाज टेनर. वर गेला की तो खुलतो, म्हणून रेकॉर्डिंग वरच्या पट्टीत होतं. ते बरोबरच आहे, रेकॉर्डिंगमध्ये गायकाचा आवाज चमकायला हवा. पण दुसऱ्या ओळीत बसलेला, आठवडाभर बँकेत काउंटरवर असणारा माणूस तिथे पोचत नाही. तो एक तर ओरडेल नाही तर गप्प बसेल. ओरडायला लाज वाटते, म्हणून गप्प बसतो. बायकांची आणखी पंचाईत. पुरुषाच्या सुरात सूर मिळवावा तर खर्जात घरघर होते, आणि वरच्या सप्तकात घ्यावं तर लतादीदी लागतात.

तू कॅपो काढ. खरंच, सुरुवातीला एवढंच कर. हात तेच, कॉर्ड्स त्याच, आणि गाणं काळ्या-पांढऱ्या मिळून चार पट्ट्या खाली, पांढरी पाचवर येईल. तुमच्या गाणाऱ्या मुलाला ते फिकं वाटेल. वाटू दे.

मात्र पट्टी म्हणजे नुसता सा नव्हे. चालीतला सगळ्यात खालचा सूर आणि सगळ्यात वरचा सूर पेटीवर शोधून काढ. बायकांसाठी खालच्या सप्तकातल्या पांढरी सहापासून वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत, एवढ्यात चाल बसली पाहिजे. पुरुष आपोआप एक सप्तक खाली तेच गातात. एखादा सूर चुकून वर गेला तर लोक सांभाळून घेतात, पण चालीचा मुक्कामच वर असेल तर ते गाणं मंडळीचं नाही. मग ते कितीही गाजलेलं असो.

आता 'ओशन्स'. मला हे गाणं फार आवडतं, स्वयंपाक करताना लावते. 2013 च्या 'झायन' अल्बममधलं. लिहिलं मॅट क्रॉकर, जोएल ह्यूस्टन आणि सॅलोमन लिगथेल्म यांनी, गायलं ताया स्मिथनं. बिलबोर्डच्या ख्रिस्ती गाण्यांच्या यादीत ते 61 आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. पण रेकॉर्डिंग जवळजवळ नऊ मिनिटांचं आहे, आणि त्यातला मधला भाग नीट ऐक. त्याच ओळी पुन्हा पुन्हा येतात, प्रत्येक वेळी एखादं वाद्य वाढतं, ड्रम चढत जातो, आणि मग ती मुलगी वरच्या सप्तकात जाते. तिथे काटा येतो अंगावर. हा काटा ऐकणाऱ्याला येतो, बरं का. गायचं म्हटलं तर मंडळीनं आधी खाली पुटपुटायचं आणि मग किंचाळायचं, मधलं काही नाहीच. हे एकटीनं गायचं गाणं आहे. तुमच्यातल्या एका मुलीला प्रार्थनेच्या वेळी गाऊ दे, बाकीच्यांनी बसून ऐकावं. सगळ्यांना उभं करून नऊ मिनिटं ताटकळत ठेवू नका, गुडघेदुखीची माणसं असतात.

आणि याच्या उलट 'टेन थाउजंड रीझन्स'. तुझ्या यादीतलं मंडळीला सगळ्यात सोपं तेच. रेडमननं ते योनास मिरिन या स्वीडिश गीतकाराबरोबर लिहिलं, 2011 साली आलं, 2013 मध्ये त्याला दोन ग्रॅमी मिळाली. बक्षिसांचं सोड, बांधणी बघ. ध्रुवपद आधी येतं. ते लहान आहे, आणि स्तोत्र 103 च्या ओळखीच्या शब्दांवर आहे. चाल पायरी-पायरीनं जाते, सुरांच्या मोठ्या उड्या नाहीत. दुसऱ्यांदा ध्रुवपद येईपर्यंत नवख्या माणसालाही ते येतं. हे आपोआप होत नाही, लिहिणाऱ्यानं तो विचार केलेला असतो. तेव्हा गाणं निवडताना आधी बघ, ध्रुवपद एकदा ऐकून आपल्या आईला म्हणता येईल का.

रेडमनचीच आणखी एक गोष्ट, तुमच्या ड्रमरला जरूर सांग. लंडनजवळ वॉटफर्डला 'सोल सर्व्हायव्हर' नावाचं चर्च, नव्वदच्या दशकाची अखेर. बँड उत्तम, साउंड उत्तम, आणि पाळकांच्या लक्षात आलं की लोक उपासना करत नाहीत, कार्यक्रम बघतात. त्यांनी बँड आणि साउंड सिस्टिम दोन्ही काही काळ बंद करून टाकलं. लोक आले, बसले, अवघडून गप्प राहिले. मग हळूहळू वाद्यांशिवाय गायला लागले. त्या दिवसांतून रेडमनचं 'द हार्ट ऑफ वर्शिप' आलं. नंतर बँडही परत आला. म्हणजे तुमची अडचण, गावोगावच्या चर्चमध्ये ज्याची गाणी म्हणतात त्याच्या घरचीच आहे. (ही गोष्ट पंच कमिटीला मात्र सांगू नकोस. तुमच्याकडे बँड बंद होईल आणि परत येणार नाही.)

त्यावरून तालमीत एक कर. सगळी वाद्यं खाली ठेवा, गिटारसुद्धा. आपल्या आपल्यात नुसतं गाऊन बघा. ज्या ओळीला तुमचीच पोरं चाचपडतात तिथे मंडळी बुडणारच. ती ओळ ड्रमच्या आवाजात झाकली जात होती, इतकंच.

साउंडबद्दल. यूट्यूबवरच्या या गाण्यांमध्ये कीबोर्डवाला मागे एक लांबलचक सूर धरून ठेवतो ना, ज्याला तुम्ही पॅड म्हणता, त्यासाठी वेगळं ॲप विकत घेऊ नका. तंबोरा तेच काम करतो. मोबाइलवरचा तानपुरा त्या पट्टीत लावा, बारीक ठेवा, आणि दोन गाण्यांच्या मध्ये पाळकसाहेब प्रार्थना करताना तो चालू राहू द्या. आज्यांच्या कानालाही परका वाटणार नाही. आणि दुसऱ्या गिटारवाल्याला सांग, डिले, म्हणजे सुराचा प्रतिध्वनी काढणारा इफेक्ट, बंद. दगडी भिंती आधीच घुमतात, त्यात डिले म्हणजे आमटीला दोनदा फोडणी.

शेवटी तुमचा गाणारा मुलगा. मुखडा परत घ्यायचा की पुढच्या कडव्यावर जायचं, हे फक्त बँडला माहीत असतं, कारण तालमीत ठरलेलं असतं. मंडळीला कोण सांगणार? ओळ सुरू व्हायच्या आधी तिचे पहिले दोन शब्द मोठ्यानं सांगायचे. भजनात बुवा सांगतो, कीर्तनात सांगतात, आणि हे तिकडचे मोठमोठे गायकही सांगतात, नीट ऐकलंस तर रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येईल. डोळे मिटून, माइक तोंडाला लावून गाणाऱ्या पोराला हे जमत नाही. डोळे उघडायला सांग त्याला.

दूर_सिडनीहून

पेटीवाली ताईंना +१, 'ओशन्स' सोडून. त्यावर खाली बोलतो.

मी मूळचा सोलापूरचा, बरीच वर्षं सिडनीत. हिल्साँग सुरू झालं ते या शहराच्या बॉलकम हिल्स उपनगरात, 1983 मध्ये, एका शाळेच्या हॉलमध्ये. पुढे 2002 मध्ये त्यांचा मोठा हॉल झाला, साडेतीन हजार खुर्च्यांचा. तिथे एकदा उभं राहून गायलं की गाण्यांचा आकार कळतो. आजूबाजूला हजारो माणसं गात असताना तुमचा सूर कुठे लागतो हे तुमचं तुम्हालाच ऐकू येत नाही, त्यामुळे लाजही वाटत नाही. वाजवणाऱ्यांच्या कानात लय धरायला क्लिक, म्हणजे टकटक ठोका, चालू असतो, दिवे आणि पडद्यावरचे शब्दही त्याच हिशेबानं बदलतात. गाणं नऊ मिनिटं चालतं, कारण ते चालवायला एवढं सगळं मागे उभं असतं. ऐंशी माणसांच्या चर्चमध्ये त्यातलं फक्त गाणं येतं, बाकीचं येत नाही.

त्यांची सुरुवातीची मोठी गायिका डार्लीन चेक. 'शाउट टू द लॉर्ड' तिनं 1993 मध्ये लिहिलं, घरच्या पियानोवर. ते गाणं अजूनही नुसत्या पियानोवर उभं राहतं. आजची बरीचशी गाणी तीन-चार जण मिळून लिहितात आणि चाल बांधतानाच स्टेज डोक्यात असतं, हे माझं मत.

आणखी एक गोष्ट कळली पाहिजे. 2010 ते 2020 या काळात अमेरिकेत चर्चमधल्या गाण्यांच्या वरच्या याद्यांत आलेल्या 38 गाण्यांचा काही अभ्यासकांनी मागोवा घेतला. त्यातल्या 36 गाण्यांचा संबंध चार ठिकाणांशी निघाला: सिडनीचं हिल्साँग, कॅलिफोर्नियात रेडिंगचं बेथेल, शार्लटचं एलिव्हेशन आणि अटलांटाचं पॅशन. म्हणजे आपण 'जगभर गातात' म्हणतो ती गाणी मोजक्या चार स्टेजवरून येतात. कधी कधी तर लिहिणारा भलताच असतो आणि नाव दुसऱ्याचं होतं. 'गुड गुड फादर' टॉमलिनचं म्हणून सगळे ओळखतात, ते लिहिलं पॅट बॅरेट आणि टोनी ब्राउन यांनी. 'वे मेकर' बऱ्याच जणांना अमेरिकन वाटतं. सिनाच नायजेरियाची, लागोसच्या चर्चमधून पुढे आलेली, भौतिकशास्त्र शिकलेली बाई. तिनं 2015 मध्ये ते काढलं, आणि अमेरिकेतल्या गायकांनी नंतर उचललं. निदान नगरच्या पोरांना तिचं नाव माहीत आहे, हे वाचून बरं वाटलं.

आता 'ओशन्स'. आमच्याकडे मराठी कुटुंबांची घरगुती प्रार्थनासभा असते, दिवाणखान्यात सतरंजीवर. तिथे आम्ही ते एका गिटारवर म्हणतो, तो चढत जाणारा भाग दोनदाच, तोही खालच्या सप्तकातच. छान होतं. तेव्हा ताई, गाण्याला दोष देऊ नका, नऊ मिनिटांना द्या.

जुना_कॉयरवाला

बाळ, तुझी कळकळ दिसते. पण एक स्पष्ट विचारतो. ऑस्ट्रेलिया, अमेरिका, इंग्लंड, नायजेरिया झालं. आपले मराठी कवी नारायण वामन टिळक कुठे गेले?

टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. त्या वेळी मंडळ्यांत मिशनऱ्यांनी आणलेल्या, इंग्रजी चालींवर बसवलेल्या गीतांचाच भर होता. कृष्णराव सांगळ्यांसारखे काही जण देशी चालींत लिहीत होते. टिळकांनी अभंग, ओवी, कीर्तन सगळं उपासनेत आणलं. 'उपासना संगीत' उघड आणि त्यांची गीतं मोज. त्यांची 'अभंगांजली' वाच. जे काम शंभर वर्षांपूर्वी झालंय, ते सोडून तुम्ही परत इंग्रजी चालींकडे का निघालात? तुमच्या आज्या गातात ते उगाच नाही.

ड्रम वाजवू नका असं मी म्हणणार नाही. पण कमिटीतल्या त्या गृहस्थांना नेमकं काय खटकतं तेही समजून घ्या.

पेटीवाली

सिडनीकर, मान्य. दोनदा आणि खालच्या सप्तकात, तर माझी हरकत नाही.

काका, तुमच्याशी भांडायची माझी पात्रता नाही, पण थोडं भांडते. टिळकांनी अभंग घेतला, कारण तो समोरच्या माणसाच्या कानात आधीपासून होता. वारीच्या वाटेवरच्या, कीर्तनाला बसलेल्या माणसाला तो नव्यानं शिकवावा लागत नव्हता. आता या नगरच्या पोरांच्या कानात काय आहे? सिनेमाची गाणी, गिटार, हेडफोनमधला बास. त्यांनी कानात आहे तेच घेतलं. टिळक आज पंचविशीत असते तर त्यांच्या हातात काय असतं कोण जाणे, पण ते नुसते जुनं पुस्तक धरून बसले नसते. सातारला जाऊन 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची नवी मंडळी उभारणारा माणूस तो.

दुसरं, जरा बोचेल. 'उपासना संगीत'मध्ये गीताच्या डोक्यावर 'चाल' म्हणून एखाद्या जुन्या पदाचा पहिला चरण दिलेला असतो. ते पद आज किती जणांना येतं? माझ्याकडे येणाऱ्या मुलांना तर नाहीच, मलाही निम्म्यांचं येत नाही. नोटेशन नाही. चाल माणसांबरोबर चालली आहे. आमच्याकडे एक पेटीवाले आजोबा होते, त्यांना पुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येक गीताची चाल यायची, काहींच्या तर दोन-दोन. ते गेल्यावर आम्ही कितीतरी गीतं गायचीच सोडली, कारण सुरुवात कुठून करायची तेच कुणाला ठाऊक नाही. पोरांनी इंग्रजी गाणी उचलली म्हणून तक्रार आहे ना? इंग्रजी गाणं यूट्यूबवर हवं तेव्हा ऐकायला मिळतं, पट्टी बदललेली कॉर्ड्स मिळतात. टिळकांचं गीत कुठे ऐकायचं त्यांनी?

तुम्ही कॉयरमध्ये होतात म्हणता, तर तुम्हाला येणाऱ्या चाली मोबाइलवर गाऊन रेकॉर्ड करा. साधं, पेटी नसली तरी चालेल, आवाज थरथरला तरी चालेल. आणि या पोराला पाठवा. त्याच्या बँडकडे माइक आहेत, गिटार आहे, तरुण घसे आहेत. मग बघू त्याच्या यादीत काय काय येतं.

जुना_कॉयरवाला

बोचलं. नातवाला सांगून रेकॉर्ड करतो. पण पेटी हवीच, पेटीशिवाय मी गात नाही.

काळा_कोट

दुसऱ्या प्रश्नाला कुणीच हात घातला नाही, म्हणून लिहितो. मी वकील आहे, कॉयरशी माझा संबंध फक्त नाताळात.

भारताचा कॉपीराइट कायदा 1957 चा. त्याच्या कलम 52 (1) (झेडए) मध्ये एक सवलत आहे: खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात एखादं गाणं सादर केलं तर तो हक्कभंग होत नाही. म्हणजे रविवारी उपासनेत रेडमन गा, टॉमलिन गा, त्यासाठी तुम्हाला कुणी कोर्टात खेचणार नाही. पण सवलत गाण्यापुरती. शब्दांच्या पुस्तिका छापल्या, पडद्यावर शब्द टाकले, उपासनेचं रेकॉर्डिंग काढून विकलं किंवा नेटवर टाकलं, तर त्याला ही सवलत लागेलच असं गृहीत धरू नका.

भाषांतराचं तर अगदी स्पष्ट आहे. भाषांतर करण्याचा हक्क मूळ हक्कदाराचा, तुम्ही शब्द कितीही सुंदर बसवा. परवानगीशिवाय रेकॉर्ड करून टाकलंत तर एक तर यूट्यूबची यंत्रणा चाल ओळखून दावा लावेल आणि जाहिरातीचे पैसे मूळ मालकाकडे जातील, नाही तर व्हिडिओच उतरवला जाईल. 'आम्ही देवासाठी केलं, पैसे कमवत नाही' हा युक्तिवाद माझ्याकडे चर्चची माणसं नेहमी करतात. कायद्यात त्याला जागा नाही.

रस्ता आहे. 1988 मध्ये अमेरिकेत पोर्टलंड इथे सुरू झालेली सीसीएलआय नावाची संस्था आहे, ती चर्चना गाणी वापरायचा परवाना देते. चर्चच्या आकारमानानुसार वर्षाची फी घेते, चर्चनं कुठली गाणी वापरली ते कळवायचं, आणि त्याप्रमाणे गीतकारांना पैसे जातात. आपण ज्यांची गाणी गातो त्या माणसांचं घर काही अंशी यावर चालतं, हेही लक्षात असू द्या. त्यांच्याच 'साँगसिलेक्ट' या वेबसाइटवर शब्द आणि कॉर्ड्स हव्या त्या पट्टीत बदलून मिळतात, पेटीवाली ताईंचं काम सोपं होईल. प्रत्येक गाण्याखाली प्रकाशकाचं नाव असतं. मराठी शब्द आधीच कुणी अधिकृतपणे केलेत का ते बघायचं, नसतील तर आपलं भाषांतर आणि त्याचा शब्दशः अर्थ जोडून प्रकाशकाला परवानगी मागायची. उत्तराला वेळ लागतो. तोवर रविवारी गात राहा.

आणि टिळकांबद्दल. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. टिळक 1919 मध्ये गेले. त्यांची गीतं कधीचीच मुक्त आहेत. हवी ती चाल लावा, रेकॉर्ड करा, यूट्यूबवर टाका, कुणाची परवानगी नको. एवढंच बघा की दुसऱ्या कुणी अलीकडे बांधलेली चाल किंवा केलेलं रेकॉर्डिंग उचलत नाही ना, कारण त्यावर त्या माणसाचा हक्क असतो. जुना कॉयरवाला काकांच्या पारंपरिक चालींना ती भीती नाही.

नगरी_गिटार

सगळ्यांचे खूप आभार. खरं तर एवढं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

या रविवारी करून बघितलं. कॅपो काढला, डिले बंद, 'ओशन्स' यादीतून बाहेर. तानपुरा लावला, तर पेटीवाले काका उपासनेनंतर स्वतः येऊन विचारून गेले, कुठलं ॲप आहे म्हणून. 'अवर गॉड'च्या ध्रुवपदाला लोक गायले, नीट ऐकू येत होतं, कारण आम्ही मॉनिटरही (आमच्याकडे तोंड केलेला स्पीकर) कमी केला होता. कडव्यांना अजून शांतताच आहे. आमचा गाणारा मुलगा म्हणतो, या पट्टीत माझा आवाज दबतो. डोळे उघडे ठेवायचंही त्याला सांगितलंय. ते त्याला जास्त अवघड जातंय.

यूट्यूबचं तूर्त थांबवलंय, प्रकाशकाला ईमेल केलाय.

आता भानगड ड्रमची. इतक्या लहान आवाजात ड्रम वाजवता येत नाही असं ड्रमरचं म्हणणं. कॅहोन (ज्यावर बसून हातानं वाजवतात ती लाकडी पेटी) घ्यावा का? की सरळ तबलेवाल्या काकांना आमच्या गाण्यांवर वाजवायला सांगू? ते तयार आहेत, पण 'तुमची गाणी कुठल्या तालात असतात तेच कळत नाही' म्हणतात.

पेटीवाली

कडव्यांना वेळ लागतो. महिनाभर यादी बदलू नका, नवीन गाणं तर अजिबात नको. दर रविवारी यादी बदलली तर मंडळी कडवं शिकणार कधी?

कॅहोन घ्या, ड्रमरलाच वाजवू द्या, म्हणजे तो रुसणार नाही. आणि तबलेवाल्या काकांनाही बसवा, दोन्ही चालतं. कॅहोननं फक्त ठोका धरायचा, भरणा तबल्यानं करायचा. दोघांनी भरणा केला तर गोंधळ होईल, हे आधीच ठरवा.

तालाचं सोपं आहे. 'टेन थाउजंड रीझन्स', 'वे मेकर', 'अवर गॉड' ही सगळी चारच्या हिशेबातली, काकांना केरवा म्हणून सांग. पहिल्या दोघांना संथ, 'अवर गॉड'ला जरा चढा. 'गुड गुड फादर' कधी घेतलंत तर तो सहाचा हिशेब आहे. 'सिक्स बाय एट' म्हणालास तर काका तुझ्याकडे बघत बसतील, दादरा म्हण. आणि लग्गी, म्हणजे तबल्यावरचं जलद वाजवणं, शेवटच्या ध्रुवपदाच्या आधी लावायची नाही, हे मात्र मी सांगितलंय म्हणून सांग. तबलेवाल्यांना हात आवरत नाहीत.

गाणाऱ्या मुलाचा आवाज पांढरी पाचमध्ये फारच दबत असेल तर एखादी पट्टी वर घेऊन बघा, काळी चार. त्याच्या वर नको. किंवा ते गाणं मुलींपैकी एकीला द्या आणि त्याला खालून दुसरा सूर धरायला शिकवा. तालमीचं रेकॉर्डिंग पाठव, पट्टी मी सांगते.